'संथ' म्हणजे काय रे भाऊ?

पुस्तकांविषयी गप्पा निघाल्या की एक वाक्य हमखास येतं: "बाकी भारी आहे, पण पहिली शंभर पानं काही घडतच नाही." त्यावरचं दुसऱ्या कुणाचं तरी उत्तरही ठरलेलं: "रील्स बघणाऱ्यांना असली पुस्तकं झेपायची नाहीत." या दोन्ही वाक्यांचा मला वीट आलाय. पहिल्यात पुस्तकावर अन्याय आहे, दुसऱ्यात वाचकावर. आणि दोघांचा समज एकच, की संथपणा ही सहन करायची गोष्ट आहे. एकाला ती सहन होत नाही आणि दुसरा ती सहन केल्याबद्दल स्वतःचीच पाठ थोपटतो.

माझं म्हणणं असं की, जुन्या काळात घडणाऱ्या रहस्यकादंबरीत आपण ज्याला 'संथ' म्हणून नावं ठेवतो, तो मजकूर बरेचदा पुरावा असतो. तो कापला तर खूनच उरत नाही.

आजच्या थ्रिलरचं काम त्या मानानं सोपं. सीसीटीव्ही, मोबाइलचं लोकेशन, विम्याची रक्कम. विम्यासाठी कुणी नवऱ्याला मारलं म्हटलं की आपल्याला ते लगेच पटतं, कारण आपण त्याच जगात राहतो. पण १३२७ साली उत्तर इटलीतल्या एका मठात एकामागून एक साधू मरू लागले, तर? तिथली माणसं कशासाठी जीव घेतील आणि कशाला घाबरतील, हे तुम्हा-आम्हाला कुठे ठाऊक असतं?

उंबेर्तो एकोच्या 'द नेम ऑफ द रोझ'वरचा आरोप हाच असतो. तपासाला आलेला विल्यम आणि त्याचा शिष्य आद्सो मठात पोचतात, आणि खून राहतो बाजूला. आद्सो चर्चच्या दारासमोर उभा राहून दगडात कोरलेली चित्रं पानंच्या पानं सांगत बसतो. सिंहासन, चार प्राणी, चोवीस वृद्ध, सगळं बायबलातल्या जगबुडीच्या प्रकरणातलं. बहुतेक जण इथेच पुस्तक मिटतात. पण पुढे एकेक मृतदेह सापडू लागतो, आणि मठातले लोक त्या मृत्यूंमध्ये त्याच प्रकरणातल्या सात कर्ण्यांची खूण शोधू लागतात. ते दार ज्यानं वाचलंय, त्याला ही भीती आतून कळते. ज्यानं गाळलंय, त्याला हे साधू बावळट वाटतात. तीच गत हसण्यावरच्या वादाची. ख्रिस्त कधी हसला होता का, यावर मोठी माणसं तावातावानं भांडतात. वाचताना वाटतं, अरे, खुनाचं काय झालं? स्पॉयलर देत नाही, पण एवढं सांगते की तेव्हा तुम्ही खुनाविषयीच वाचत असता. (मधली लॅटिन वाक्यं मात्र खुशाल गाळा. मी गाळते.)

याहून चांगलं उदाहरण ओरहान पामुकच्या 'माय नेम इज रेड'चं. साल १५९१, इस्तंबूल. सुलतानासाठी गुपचूप एक पुस्तक तयार होतंय, आणि त्यावर काम करणाऱ्या एका कारागिराचा खून होतो. संशय त्याच्याबरोबरच्या तीन चित्रकारांवर. हाती लागलेला धागा काय, तर कागदावरचं घोड्याचं एक चित्र. त्या घोड्याच्या नाकपुड्या जरा वेगळ्या काढल्यात. बस्स, एवढंच.

आता गंमत बघा. त्या काळच्या त्या चित्रकारांच्या लेखी स्वतःची शैली असणं हा दोष होता. जुन्या उस्तादांनी काढलं तसंच काढायचं, चित्रात आपला हात दिसता कामा नये. म्हणून शैली म्हणजे काय, सही करावी का, आंधळा झालेला चित्रकार आठवणीतून घोडा काढतो तो जास्त खरा का, यावर पानंच्या पानं गोष्टी येतात. मग म्हातारा उस्ताद खजिन्यात बसून जुनी पुस्तकं एकेक पान करून चाळतो. हे सगळं वाचल्यावरच ती नाकपुडी आपल्याला बोटाच्या ठशासारखी दिसू लागते. शंभर पानांपूर्वी ती नुसती नाकपुडी असते. पंधरा मिनिटांच्या सारांशात तुम्हाला खुन्याचं नाव मिळेल, पण ती नजर मिळणार नाही. आणि ही कादंबरी मजा देते ती त्या नजरेतून.

इयन पिअर्सच्या 'ॲन इन्स्टन्स ऑफ द फिंगरपोस्ट'मध्ये तर १६६३च्या ऑक्सफर्डमधली एकच घटना चार जण आळीपाळीनं सांगतात. दुसरा बोलू लागला की पहिल्यानं काय लपवलं ते कळतं. पहिला भाग भरभर उरकला असेल, तर दुसऱ्यात पकडायला काही उरतच नाही.

आता त्या पाठ थोपटणाऱ्यांकडे वळू. त्यांचं मूळ खुद्द एकोपर्यंत जातं. सुरुवातीची शंभर पानं कमी करा, असं त्याला मित्रांनी आणि प्रकाशकांकडच्या लोकांनी सुचवलं होतं. त्यानं नकार दिला, आणि पुढे लिहिलं की ती पानं म्हणजे एक प्रकारचं प्रायश्चित्त आहे, ज्याला ते नको त्यानं डोंगराच्या पायथ्याशीच थांबावं. नकार बरोबर होता. प्रायश्चित्ताची भाषा मला अजिबात पटत नाही. वाचकानं कुठलं पाप केलंय? दिवसभर काम करून लोकलमध्ये उभ्यानं फोनवर वाचणाऱ्या मुलीला पायथ्याशी थांब म्हणणं हा माज आहे. आणि आमच्या पिढीत चिकाटी नाही म्हणता? 'वन पीस'चे हजारावर चॅप्टर वाचणारी पोरं माझ्या ओळखीत आहेत. चिकाटी भरपूर आहे, पण ती उधार देताना लोक परतफेडीची खात्री मागतात, आणि त्यात गैर काही नाही.

कारण प्रत्येक जाडजूड पुस्तक ही उधारी फेडत नाही. एलिनर कॅटनच्या 'द ल्युमिनरीज'ला २०१३चं बुकर मिळालं. पानं ८३२. भाग बारा, आणि प्रत्येक भाग आधीच्याच्या निम्मा, उतरत्या चंद्रासारखा. न्यूझीलंडमधलं सोन्याच्या शोधाचं गाव तिनं झकास उभं केलंय. पण पहिला भाग तेवढा अवाढव्य आहे तो त्या गणितासाठी, गुन्ह्याला त्याची तितकी गरज नाही. तिथे कुणी कंटाळलं तर मी वाचकाच्या बाजूनं उभी राहीन.

आपल्या मराठीत दोन कपाटं वेगवेगळी राहिली. रहस्य म्हणजे बाबुराव अर्नाळकरांचं चटकन संपणारं पुस्तक. जाड पुस्तक म्हणजे 'स्वामी', 'छावा', 'पानिपत', म्हणजे इतिहास, पण शेवट आधीच माहीत असलेला. या जाडीबद्दल आपण कधी कुरकुर केली नाही.

मला हवी आहे ती कादंबरी या दोन कपाटांच्या मधली. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणरावाचा खून. आपल्याकडे याचं उत्तर एका ओळीत तयार असतं: आनंदीबाईनं 'ध'चा 'मा' केला. आख्यायिका इतकी आटोपशीर की प्रश्न विचारायची गरजच वाटत नाही. पण ती चिठ्ठी लिहिली कुणी? मोडीत 'ध' कसा काढतात, 'मा' कसा, आणि एकाचा दुसरा करायला लेखणी कुठे फिरवावी लागेल? गारद्यांचा पगार किती थकला होता, वाड्यात नजरकैदेत असलेल्या राघोबापर्यंत निरोप कोण नेत-आणत होतं, रामशास्त्र्यांपुढे कोण काय बोललं आणि कोण गप्प बसलं? दफ्तरातल्या एखाद्या म्हाताऱ्या कारकुनानं आधी साठ पानं मला नुसती मोडीची वळणं शिकवावीत. कुणाचा हात कसा वळतो, घाईत लिहिताना कुठलं अक्षर कुठे मोडतं. आणि मग एकसष्टाव्या पानावर ती चिठ्ठी माझ्यासमोर ठेवावी.