धूर मोजायचा तर तिन्ही वह्या उघडा



बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट कंपनीचे तंत्र वापरून उसाला पाणी व खत केव्हा द्यावे हे सांगणारी पद्धत उभी केली आहे. परवा गट कार्यालयात त्यावर बोलणे निघाले, तेव्हा एक जुने सभासद म्हणाले, “साहेब, पाचट पेटवू नका म्हणून तुम्ही आमच्या मागं लागता. त्या संगणकवाल्यांचा धूर कोण मोजतं?” सगळे हसले. आम्हाला मात्र प्रश्न रास्त वाटला.

मोजते कंपनीच, आणि दरवर्षी अहवाल छापते. तो वाचायचा कसा, तेवढे सांगतो.

अशा हिशेबाच्या तीन वह्या असतात. पहिलीत कंपनीने स्वतः जाळलेले इंधन, म्हणजे जनरेटरचे डिझेल वगैरे. दुसरीत विकत घेतलेली वीज. तिसरीत बाकी सगळे: इमारतींचे सिमेंट-लोखंड, दुसऱ्यांकडून घेतलेली यंत्रे, मालाची ने-आण. आपल्याकडे बॉयलर पहिल्या वहीत जाईल. सभासदाच्या रानातला युरिया आणि ऊस वाहणारे ट्रॅक्टर तिसऱ्या. मायक्रोसॉफ्टच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे तिचे 96 टक्क्यांहून अधिक उत्सर्जन तिसऱ्या वहीत आहे. पहिल्या दोनच वह्या कोणी पुढे केल्या, तर हत्ती झाकून शेपूट दाखवली म्हणायचे.

या कंपनीने जानेवारी 2020 मध्ये जाहीर केले, की 2030 पर्यंत आम्ही सोडतो त्याहून अधिक कार्बन हवेतून काढू. 2023 च्या आर्थिक वर्षाचा हिशेब आला तेव्हा पहिल्या दोन वह्या 2020 च्या मानाने 6.3 टक्क्यांनी उतरल्या होत्या, तिसरी 30.9 टक्क्यांनी चढली आणि एकूण उत्सर्जन 29.1 टक्क्यांनी वाढले. 2025 च्या अहवालात ही एकूण वाढ 23.4 टक्के दिली आहे. कंपनी म्हणते, आमचा ऊर्जेचा वापर 168 टक्क्यांनी वाढला, त्या मानाने हे थोडे. खरे आहे. पण ठिबक करून एकरी पाणी वाचवले आणि लागण दुप्पट केली, तर विहिरीला काय सांगणार? विहिरीला एकरी आकडा कळत नाही, आणि आभाळालाही नाही.

दुसऱ्या वहीतही एक खुबी आहे. विजेचा आकडा दोन तऱ्हेने काढतात: केंद्र जिथे आहे तिथल्या तारेत खरी कोणती वीज येते त्यावरून, किंवा कंपनीने कुठे सौर-पवन विजेचे करार केले त्यावरून. वजनाची पावती एका शेतकऱ्याची आणि ऊस दुसऱ्याचा, असा प्रकार आपण काट्यावर चालू देत नाही. इथे तो नियमाने चालतो. म्हणून दोन्ही आकडे पाहावेत.

आता आपल्या दाराशी येणारी गोष्ट. जानेवारी 2025 मध्ये गूगलने वराह या भारतीय कंपनीशी 2030 पर्यंत एक लाख टन कार्बनचा करार केला; गुजरातेतली वेडी बाभूळ जाळून कोळसा करायचा व मातीत घालायचा. काम चांगलेच आहे. पण गूगलचे 2023 चे उत्सर्जन, 2024 च्या अहवालाप्रमाणे, 1 कोटी 43 लाख टन होते. 2019 च्या मानाने 48 टक्के जादा. शंभर टनांमागे एक टनसुद्धा यात भरत नाही.

उद्या पाचटासाठी असाच कागद घेऊन कोणी आले, तर सही करण्याआधी त्याच्या गिऱ्हाइकाच्या तिन्ही वह्या मागा. आणि खोडव्यातले पाचट देऊच नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यावर पहिला हक्क आपल्या जमिनीचा.

तरी एक कबूल करायला हवे. या कंपन्या आपल्याविरुद्ध जाणारे आकडेही छापतात. आपण? युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साईड कार्बन डायऑक्साईडच्या 273 पट जाच करतो, आणि आम्ही मात्र सभासदाने पोती किती टाकली हेही धड लिहून ठेवलेले नाही. येत्या ऊस मेळाव्यात एका गटाची खत, डिझेल व पाचटाची वही आम्ही मांडणार आहोत. सभासदांनी खताच्या पावत्या तेवढ्या जपून ठेवाव्यात.

— ऊस विकास अधिकारी