घंटा काढण्याआधी
बोईसरला तारापूर एमआयडीसीतल्या रसायन कारखान्यात कुणालाही विचारा, उगाच सारखा वाजणारा अलार्म माणसं ऐकेनाशी होतात आणि खरा वाजला तरी जागचं कुणी हलत नाही. डेस्कटॉपवरचा, मायक्रोसॉफ्टच्या वननोट या टिपणवहीतल्या पानाचा शॉर्टकट दरवेळी धोक्याची सूचना दाखवतो, तेव्हाही न वाचताच ‘हो’ दाबलं जातं. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘डिसेबलहायपरलिंकवॉर्निंग’ची किंमत १ केली की कटकट मिटते, पण मग वर्ड-एक्सेलमधल्या लिंकही बिनबोभाट उघडतात. २०२३च्या सुरुवातीला भामट्यांनी वननोटच्याच फायलींतून व्हायरस धाडले होते. म्हणून सूचना बंद न करता आधी वननोट उघडावं, आतूनच पान गाठावं. कंपनीच्या संगणकावरची रजिस्ट्री मात्र आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय बदलू नये.