पॅलेस, पार्किंग आणि आम्ही



गेल्या महिन्यात आमच्या कन्येचा फोन आला. ती शिकून-सवरून, नोकरीला लागून आता डेट्रॉईटच्या डाऊनटाऊनमध्ये राहते. (ज्या डाऊनटाऊनमधून आम्ही तिला लहानपणी गाडीच्या काचा वर करून, दारं लॉक करून न्यायचो, तिथे ती आता हौसेने भाडं भरून राहते. ते भाडं किती, हे सौ.ने अजून पुण्याला आपल्या आईला सांगितलेलं नाही.) म्हणाली, "बाबा, शनिवारी पिस्टन्सची तिकिटं काढली आहेत. तुम्ही दोघं या."

आम्ही विचारलं, "पार्किंगचं काय?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "बाबा, मी तुम्हाला मॅचला बोलावते आहे. समोर कोण आहे ते तरी आधी विचारा!"

खरं आहे तिचं. पण आमचाही इलाज नाही. आमची अमेरिका १९८६ साली एका पार्किंग लॉटमध्येच सुरू झाली. ट्रॉयमधलं दोन खोल्यांचं अपार्टमेंट, खाली गाड्यांचा समुद्र आणि त्यात आमची सेकंडहँड, गंजलेली शेव्ही. मुंबईच्या माणसाला 'उपनगर' म्हटलं की ८:१२ची फास्ट, स्टेशनबाहेरचा भाजीवाला आणि पुलावरची गर्दी आठवते. इथल्या उपनगरात यातलं काहीही नाही. इथे रस्ता आहे, हिरवळ आहे आणि गाडी नसेल तर तुम्ही घरात आहात.

तर पिस्टन्स. ज्यांना बास्केटबॉलचं वावडं आहे त्यांनी पानं उलटू नयेत, कारण ही गोष्ट खेळाची कमी आणि पत्त्याची जास्त आहे. हा संघ मुळात फोर्ट वेनचा. मालकाचा पिस्टन बनवायचा कारखाना होता म्हणून नाव पिस्टन्स. १९५७ साली तो मोटारींच्या या गावात आला आणि नाव असं फिट्ट बसलं की बारसं जणू इथेच झालं असावं. १९६१ पासून ते डाऊनटाऊनला नदीकाठच्या कोबो अरीनात खेळायचे. मग १९७८ साली निघाले ते थेट पॉन्टिअ‍ॅकच्या सिल्व्हरडोममध्ये, म्हणजे वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू धरून सुमारे ३० मैल वायव्येला. फुटबॉलवाले लायन्स त्याआधीच, १९७५ साली, तिथे गेले होते. हॉकीचे रेड विंग्जही त्याच वाटेवर होते. महापौर कोलमन यंग यांनी जो लुई अरीना बांधून त्यांना कसंबसं थोपवलं. फक्त बेसबॉलचे टायगर्स जुन्या जागी टिकून राहिले.

हे सगळे का निघाले? १९५० साली डेट्रॉईटची वस्ती साडेअठरा लाख होती. फ्रीवे झाले, गोरी मंडळी एट माईल रोडच्या पलीकडे राहायला गेली, १९६७च्या दंगलीनंतर तर रांगच लागली. त्यांच्यामागे दुकानं गेली, ऑफिसं गेली. तिकिटं काढणारी माणसं जिकडे, तिकडे संघ. व्यापारी हिशेब. २०२० च्या शिरगणतीत शहरात ६ लाख ३९ हजार माणसं उरली होती.

सिल्व्हरडोम हे ८० हजार माणसांचं फुटबॉलचं मैदान. त्यात बास्केटबॉल म्हणजे मंगल कार्यालयात कॅरम. मध्ये पडदा लावून अर्धं मैदान झाकायचे. १९८५ च्या मार्चमध्ये बर्फाच्या भाराने त्याचं छतच फाटलं, आणि पिस्टन्सना उरलेला सीझन खेळायला मुकाट्याने परत शहरात, जो लुईत यावं लागलं. मालक बिल डेव्हिडसन यांनी मग ऑबर्न हिल्सला स्वतःचं घर बांधलं. तेच १९८८ साली उघडलेलं 'पॅलेस'. सरकारी पैसा न घेता बांधलं, हे त्यांच्या बाजूने मोकळेपणाने सांगायला हवं, कारण या धंद्यात ते दुर्मिळ आहे. आणि त्यांनी एक हुशारी केली. बड्या कंपन्यांना भाड्याने द्यायच्या खास खोल्या, ज्यांना 'स्वीट' म्हणतात, त्या छताला न टांगता खाली खेळाच्या जवळ आणल्या. स्वीटचं भाडं, पार्किंग, खाणं-पिणं, सगळं मालकाच्या खिशात. पुढे देशभर लोकांनी हा नमुना उचलला. पहिल्याच सीझनमध्ये, १९८९ साली, 'बॅड बॉईज' अजिंक्य ठरले. १९९० साली पुन्हा. आयझेया थॉमस, जो डुमार्स, लॅम्बीअर ही नावं तेव्हा आमच्या घरात गावसकर-वेंगसरकरांच्या बरोबरीने घेतली जात.

आम्हाला पहिलं तिकीट ऑफिसमधूनच मिळालं. घरापासून पॅलेस वीस मिनिटं, फ्रीवेवरून उतरलं की समोर. आम्हाला वाटलं, वा, काय सोय आहे! कोणासाठी सोय आहे, हा प्रश्न डोक्यातही आला नाही. ज्याची सोय होते त्याला तो पडत नाही.

तो पहिल्यांदा विचारला आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी. १९९० च्या एप्रिलमध्ये दादा-आई आले होते. मोठ्या ऐटीत आम्ही दादांना मॅचला नेलं. दादा शुक्रवार पेठेतले. नेहरू स्टेडियमवर रणजीचा सामना असला की डब्यात पोळी-भाजी घेऊन चालत जाणारे. मध्ये कुणाकुणाच्या ओट्यावर थांबत, येताना सारसबागेवरून भेळ खाऊन परत. पॅलेसच्या पार्किंग लॉटमध्ये ते उतरले, त्या गाड्यांच्या मैदानाकडे चहूकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढं मोठं स्टेडियम, आणि बाहेर एक भेळवाला नाही?"

"दादा, इथे सगळं आत मिळतं."

"ते कळलं. पण ज्याच्याकडे तिकीट नाही, त्याने काय करायचं?"

आम्ही हसलो. त्या मुक्कामात दादा सहा महिने आमच्या घराच्या खिडकीत बसून होते, हे मात्र तेव्हा हसण्यासारखं वाटलं नाही. चालत जाता येईल असं काहीच नव्हतं. तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील इथे येऊन गेले, त्यांना हे सविस्तर सांगायला नको.

दुसऱ्यांदा ऐकवलं ते ऑफिसमधल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने. कृष्णवर्णीय गृहस्थ, जन्म डेट्रॉईटचा, ड्रॉईंग बोर्डवर त्यांच्यासारखी रेघ मारणारा आम्ही नंतर पाहिला नाही. सोमवारी सकाळी आम्ही मॅचचं रसभरीत वर्णन करायला लागलो की ते ऐकून घेत. एकदा आम्ही म्हणालो, या की आमच्याबरोबर. तेव्हा म्हणाले, मी लहानपणी भावाबरोबर वुडवर्डच्या बसने कोबोला जायचो. भावाला डोळ्यांनी कमी दिसतं, तो गाडी चालवत नाही. संघ पॉन्टिअ‍ॅकला गेला त्या वर्षी भावाने टाईमटेबल काढून पाहिलं. जायला दोन बस, आणि मॅच संपल्यावर परत कोण आणणार? तेव्हापासून तो रेडिओवर ऐकतो. मग तोही रेडिओवर ऐकतो, तर मीही रेडिओवरच ऐकतो. आणि मग, कसलाही कडवटपणा न आणता, "त्यांनी सगळं नेलं, पण छातीवरचं नाव आमचंच ठेवलं."

त्या नावाकडे आम्ही तोवर नीट पाहिलंच नव्हतं. एकोणचाळीस वर्षं संघ शहराच्या हद्दीबाहेर खेळला, आणि जर्सीवर डेट्रॉईट! ऑबर्न हिल्स पिस्टन्स म्हणवून घ्यायची कुणाची तयारी नव्हती. नाव शहराचं, हिशेब उपनगराचा.

आता वाचक म्हणतील, संघ शेवटी परत आले ना? आले. लायन्स २००२ साली फोर्ड फील्डवर आले. पिस्टन्सनी २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं, आणि २०१७ पासून ते रेड विंग्जबरोबर वुडवर्डवरच्या लिटल सीझर्स अरीनात खेळतात. परत येण्यातही पुण्य कमी आणि हिशेबच जास्त. वारं फिरलं. तरुण मंडळी, आमच्या कन्येसारखी, शहरात राहायला लागली. नव्या अरीनाला सुमारे ८६ कोटी डॉलर लागले, आणि त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसा सार्वजनिक. पॅलेस स्वतःच्या पैशाने उभा राहिला होता हे इथे आठवावं. अरीनाभोवती नव्या वस्त्या उठवायचं वचन दिलं होतं. त्यातल्या बऱ्याच जागी अजून काय आहे ते ओळखा पाहू? पार्किंग लॉट!

आणि जे गाव मागे पडलं, त्याचं काय? पॉन्टिअ‍ॅकने सिल्व्हरडोमवर साडेपाच कोटी डॉलरहून अधिक खर्च केला होता. लायन्स गेल्यावर तो पांढरा हत्ती पोसता पोसता गाव टेकीला आलं आणि २००९ साली लिलावात तो ५ लाख ८३ हजार डॉलरना विकला. ट्रॉयमध्ये एखादं बऱ्यापैकी घर येतं त्या भावात. २०१७ च्या डिसेंबरात पाडायला सुरुंग लावले तर पहिल्या दिवशी तो पडलाच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावे लागले. आता तिथे अ‍ॅमेझॉनचं गोदाम आहे.

पॅलेस मात्र एका झटक्यात पडला. ११ जुलै २०२०, शनिवार सकाळ. वय अवघं बत्तीस. आम्ही करोनामुळे घरातच होतो, टीव्हीवर पाहिलं. धुरळा खाली बसला आणि आम्हाला एकदम वाटलं, आमचं काहीतरी कुणीतरी न विचारता नेलं. मुलीला खांद्यावर घेतलेलं ते दार, दादांनी भेळवाला शोधला तो लॉट. सौ. म्हणाली, "अहो, एवढं काय? तीन वर्षांत कुठे गेला होतात तिकडे?" तिचंही बरोबर. पण त्याच दिवशी आम्ही त्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला. ते आता बरेच थकलेत. आम्ही हळहळ व्यक्त केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हो, असंच वाटतं." बस्स, एवढंच. १९७८ साली त्यांना फोन करून हळहळणारं कुणी नव्हतं.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे, ती इथे करून टाकतो. ज्या महिन्यात पिस्टन्सनी परतायचं जाहीर केलं, त्याच २०१६ च्या नोव्हेंबरात चार काउंट्यांत मिळून बस-रेल्वेसाठी कर लावायचा प्रस्ताव मतदानाला होता. शहर आणि उपनगरं जोडणारी वाहतूक. तो थोडक्यात पडला. आम्ही 'नाही' म्हणून आलो होतो. मालमत्ता कर आधीच काय कमी आहे, आणि आम्हाला बसचा काय उपयोग, असा विचार केला. त्या सहकाऱ्याचा भाऊ तेव्हा डोळ्यांसमोर आला नाही. दादाही नाही.

पुण्यातही पुढे तेच झालं, पण दादांनी आधी आपला वाटा वसूल केला होता. १९९६ च्या विश्वचषकात नेहरू स्टेडियमवर केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं, तेव्हा दादा तिथे होते. चालत गेले आणि नाचत आले असं आई सांगायची. २०१२ साली मोठं क्रिकेट एक्स्प्रेसवेला लागून गहुंज्याला गेलं. स्टेडियम देखणं आहे, प्रश्नच नाही. दादा तेव्हा ऐंशीच्या पुढचे. फोनवर म्हणाले, "तुमचं पॅलेस आलं हो आमच्याकडे."

शनिवारी आम्ही मॅचला गेलो. पार्किंगचे पैसे ऐकून पोटात गोळा आला, पण मुलीच्या घराशी गाडी लावून वुडवर्डवरच्या ट्राममधून गेलो. गर्दी होती. एक म्हातारे गृहस्थ नातवाला घेऊन उभे होते, नातू त्यांना प्रत्येक थांब्याला विचारत होता, आलं का. बाहेर फुटपाथवर एकजण बादल्या पालथ्या घालून ढोल बडवत होता, आणि तिकीट नसलेली दहा-वीस माणसं भोवती उभी होती. आम्हीही थोडा वेळ थांबलो. मॅचची सुरुवात त्यात चुकली.

परतताना कन्येने मुद्द्याला हात घातला. मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम या वर्षी शाळेच्या सभागृहाऐवजी डाऊनटाऊनला का घेत नाही? वेन स्टेटला शिकणारी मराठी मुलं आहेत, हॉस्पिटलांत रेसिडेन्सी करणारी आहेत, बऱ्याच जणांकडे गाड्या नाहीत. ती आपल्या कार्यक्रमाला येतच नाहीत, आणि आपण म्हणतो तरुणांना रस नाही. तिने कार्यकारिणीला तसा अर्जही दिला आहे.

सभा पुढच्या महिन्यात आहे. पहिला प्रश्न कुठला येणार, ते सगळ्यांना ठाऊक आहे. या वेळी आपण तो विचारायचा नाही, एवढं आम्ही मुलीला कबूल केलं आहे.

सौ. विचारणार आहे.