प्रदीप आणि पवन : चढाईपटूची खरी किंमत कोण ठरवते?

अड्यार (चेन्नई) : अड्यार नदी ओलांडून शहराच्या मध्यभागाकडे निघाले की पेरियामेट भागात जवाहरलाल नेहरू इनडोअर स्टेडियम लागते. २८ ऑक्टोबर २०१७ रोजी तेथे प्रो कबड्डी लीगच्या पाचव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. पाटणा पायरेट्सने गुजरातला ५५-३८ असे नमवून सलग तिसरे विजेतेपद मिळवले. त्या विजयात प्रदीप नरवालचा वाटा १९ गुणांचा होता. त्यानंतर पाच वर्षांनी याच शहराचा संघ असलेल्या तमिळ थलैवाजने पवन सेहरावतसाठी लिलावात २ कोटी २६ लाख रुपये मोजले. तोवर या स्पर्धेत कोणत्याही खेळाडूला एवढी रक्कम मिळाली नव्हती.

या दोघांत श्रेष्ठ कोण, हा वाद कबड्डीरसिकांमध्ये अनेक वर्षे रंगला. २०२५ मध्ये त्याला वेगळेच वळण लागले. जूनच्या प्रारंभी संपलेल्या लिलावात प्रदीपला एकाही संघाने घेतले नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. पवनला त्याच लिलावात ५९ लाख ५० हजार रुपयांची बोली लागली. दोघेही तिशीच्या आतले होते. त्यामुळे आकड्यांच्या तुलनेपेक्षा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. ज्याच्या एका चढाईवर सामना फिरतो, त्या खेळाडूचे मोल इतक्या लवकर का उतरते?

दोघांच्या शैलीत मूलभूत फरक आहे. हरियाणाच्या सोनीपत जिल्ह्यातील प्रदीपची ओळख ‘डुबकी’. बचावपटू हातांची साखळी करून परतीची वाट अडवू लागले की तो कमरेतून वाकून त्या साखळीखालून मध्यरेषेकडे झेपावत असे. विरोधक जितके जास्त पुढे येतील, तितके त्याला जास्त गुण मिळत. पाचव्या हंगामात त्याने चढाईचे तब्बल ३६९ गुण मिळवले. त्याच हंगामात हरियाणा स्टीलर्सविरुद्ध त्याने एका सामन्यात ३४, तर एकाच चढाईत लोणसह आठ गुण वसूल केले होते. कारकिर्दीत चढाईच्या १,८०० गुणांचा टप्पा गाठणारा तो पहिला खेळाडू ठरला.

दिल्लीतील बवाना येथील पवनचे बळ वेगात आणि उडीत आहे. धावता धावता हाताने केलेला स्पर्श, क्षणार्धात बदललेली दिशा आणि बचावपटूच्या अंगावरून घेतलेली झेप ही त्याची अस्त्रे. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत झालेल्या सहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात त्याने २२ गुण मिळवत बंगळूरु बुल्सला पहिले विजेतेपद मिळवून दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने एका सामन्यात चढाईचे ३९ गुण मिळवून प्रदीपचा ३४ गुणांचा विक्रम मागे टाकला. राष्ट्रीय संघाच्या बाबतीत त्याचे पारडे जड आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणकडून हरून कांस्यपदकावर समाधान मानलेल्या भारतीय संघात प्रदीप होता. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे इराणलाच ३३-२९ असे हरवून भारताने सुवर्ण परत मिळवले, तेव्हा कर्णधार पवन होता.

एकूण गुणांत प्रदीप सरस, तर सामना एकहाती जिंकून देण्याच्या ताकदीत दोघे तुल्यबळ, असा निष्कर्ष यातून काढता येईल. मात्र दोघांच्या पुढील वाटचालीतले साम्य या फरकांपेक्षा अधिक बोलके आहे. पाटणा सोडल्यावर २०२१ मध्ये यूपी योद्धाने प्रदीपसाठी १ कोटी ६५ लाख रुपये मोजले. तेव्हाचा तो विक्रम होता, पण पाटण्यातील वर्चस्व त्याला तेथे पुन्हा गाजवता आले नाही. बचावपटूंनी त्याच्या डुबकीचा अभ्यास केला होता, आणि पाटण्यात ज्या सहकाऱ्यांभोवती त्याचा खेळ बांधलेला होता, ते आता सोबत नव्हते. २०२४ मध्ये त्याची बोली ७० लाखांवर आली.

पवनच्या बाबतीत घात शरीराने केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये थलैवाजच्या पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो संपूर्ण हंगामाला मुकला. पुढे जे घडले, ते संघमालकांच्या लक्षात राहिले असावे. पवनविना खेळणाऱ्या थलैवाजने नवख्या नरेंदरच्या चढायांच्या आणि तरुण बचावफळीच्या जोरावर प्रथमच उपांत्य फेरी गाठली. तेथे पुणेरी पलटणने त्यांना ३९-३७ असे रोखले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने पवनसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. तो गुण मिळवत राहिला, तरी टायटन्स गुणतालिकेत तळाला राहिले. २०२४ मध्ये त्याची किंमत १ कोटी ७२ लाख ५० हजारांवर घसरली. २०२५ मध्ये तो पुन्हा चेन्नईच्या संघात आला, पण सप्टेंबरमध्ये शिस्तीचे कारण देत थलैवाजने त्याला उर्वरित हंगामातून दूर केले. पवनने हे आरोप ठामपणे फेटाळले.

यामागे खेळाचे साधे गणित आहे. प्रमुख चढाईपटूची पकड झाली की विरोधी संघाला गुण तर मिळतोच, शिवाय स्वतःच्या संघाने गुण मिळवून जिवंत करेपर्यंत तो चढाईपटू बाहेर बसून राहतो. संपूर्ण भार एकाच खांद्यावर असेल, तर एक यशस्वी पकड अख्ख्या संघाला पांगळे करते. म्हणूनच संघ आता हा भार वाटून घेऊ लागले आहेत. दहाव्या हंगामात, मार्च २०२४ मध्ये, पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून विजेतेपद मिळवले. त्या संघात अस्लम इनामदार, मोहित गोयत आणि पंकज मोहिते यांनी चढाईची धुरा वाटून घेतली होती.

अमेरिकी फुटबॉलमधील ‘रनिंग बॅक’, म्हणजे चेंडू घेऊन बचावफळीत घुसणारा खेळाडू, याच पेचात आहे. तेथे सॅक्वॉन बार्कली आणि ख्रिश्चन मॅकाफ्री यांची तुलना सतत होते. २०२३ मध्ये धावून सर्वाधिक १,४५९ यार्ड मिळवणारा मॅकाफ्री पुढच्या हंगामात दुखापतींमुळे जेमतेम चार सामने खेळला. न्यूयॉर्क जायंट्स सोडून फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेलेल्या बार्कलीने त्याच २०२४ च्या हंगामात २,००५ यार्ड धावून संघासोबत अजिंक्यपद पटकावले. खेळाडू तोच होता, पण त्याला वाट मोकळी करून देणारी भक्कम फळी ईगल्सकडे होती. पाटण्याच्या प्रदीपची आठवण करून देणारे हे उदाहरण आहे.

महाराष्ट्रासाठी हा विषय दूरचा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातून पुढे आलेला अस्लम अकराव्या हंगामात दुखापतीमुळे अर्ध्यातूनच बाहेर पडला. बाराव्या हंगामात तो कर्णधार म्हणून परतला आणि पलटण पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली, जरी तेथे दबंग दिल्लीने ३१-२८ अशी बाजी मारली. भार वाटून घेणाऱ्या संघात दुखापतग्रस्त खेळाडूला परतण्यासाठी जागा उरते, असे यातून दिसते.

गावोगावच्या मातीच्या मैदानांवर आज हजारो मुले लिलावातील कोटींचे आकडे ऐकून चढाईचा सराव करतात. ती रक्कम एका करारापुरती असते, गुडघा मात्र आयुष्यभर सोबत राहतो. रेल्वे, पोलीस आणि सार्वजनिक उपक्रमांतील नोकऱ्यांनी या खेळातील पिढ्यांना आधार दिला. लीगच्या झगमगाटात त्या नोकरीचे, दुखापतीनंतरच्या उपचारांचे आणि प्रशिक्षक होण्याच्या वाटेचे महत्त्व कमी झालेले नाही. प्रदीप आणि पवन यांच्यात श्रेष्ठ कोण, याचे उत्तर प्रत्येक जण आपापल्या आवडीने देईल. पण विक्रमवीराला विशीतच खरेदीदार मिळेनासा होत असेल, तर पुढच्या चढाईपटूने लिलावाच्या आकड्याआधी आपला संघ आणि आपले शरीर यांचा हिशेब मांडणे शहाणपणाचे ठरेल.