पार्सल नको, इथंच खाणार



या अंकाचे संपादकीय चायनीजच्या गाड्यावर आहे म्हटल्यावर आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीने कपाळाला आठ्या घातल्या. पोटगी, हुंडा, दारू, सातबाऱ्यावरचे नाव हे सारे विषय संपले का, असा त्यांचा रास्त सवाल होता. संपलेले नाहीत. पण बाईचे खाणे हाही आपल्या चळवळीत कधी किरकोळ विषय नव्हता. घरात शेवटी कोण जेवते, शिळे कोणाच्या वाट्याला येते, हे आपण वर्षानुवर्षे शिबिरांतून बोलत आलो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमीच निघाले. घराबाहेरच्या खाण्याकडे मात्र आपण चैन म्हणून पाहिले आणि तो विषय बाजूला ठेवला.

पेठ वडगाव हे हातकणंगले तालुक्यातले बाजाराचे गाव. किणी, भादोले, अंबप अशा गावांतून मुली इथे शिकायला येतात, बायका बाजाराला येतात. दिवस मावळला की वडापाव आणि भेळेच्या जोडीला आता चायनीजचे गाडे लागतात. लाल अक्षरांचा फलक, मोठ्या जाळावर कढई आणि शेजारी ॲल्युमिनियमचे मजल्यांचे भांडे, त्यातून सारखी वाफ निघत असते. त्यात मोमो असतात. मोठ्या शहरांतल्या हॉटेलात त्यांच्याच भावंडांना डिमसम म्हणतात. डिमसम दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातल्या चहागृहांतले, मोमो तिबेट-नेपाळकडचे. आपल्या गाड्यावर सगळेच चायनीज. मंचुरियन तर चीनचे नाहीच. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग नावाच्या चिनी वंशाच्या स्वयंपाक्याने ते १९७५ साली मुंबईत केले, असे सांगतात. त्या कोलकात्यातल्या चिनी वस्तीने आपल्याला ही चव दिली, आणि १९६२ च्या युद्धानंतर याच देशाने चिनी वंशाच्या सुमारे ३,००० माणसांना, बायकामुलांसह, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले. तोंडी लावायला मंचुरियन घेताना हे कोणी आठवत नाही.

मागच्या महिन्यात बचत गटाच्या हिशेबाचे प्रशिक्षण संपवून आम्ही आठजणी एसटी स्टँडकडे निघालो होतो. भूक लागली होती. गाड्यापुढे थांबलो तसा गाडेवाला पोरगा ऑर्डर न विचारताच म्हणाला, "मावशी, पार्सल ना?" त्याचा काही दोष नाही. त्याच्या गाड्यावर बायका येतात त्या पार्सल न्यायलाच. आमच्यातलीही एक लगेच म्हणाली, "पार्सलच घेऊया की ताई, घरात पोरं बी खातील." पण दुसरी, यंत्रमागावर काम केलेली, ठामपणे म्हणाली, "पार्सल नको, इथंच खाणार."

मग आम्ही उभ्याने खाल्ले. कोणी रस्त्याकडे पाठ केली. एकीने पदर तोंडापुढे धरून पहिला घास घेतला. एकजण सारखी स्टँडच्या बाजूला बघत होती, कारण तिच्या दिराचे दुकान तिकडे आहे. समोर कॉलेजची चार पोरे निवांत पाय पसरून बसली होती, त्यांना कुठे बघावे असा प्रश्न पडलेला नव्हता. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या स्त्रियांवरच्या २०११ च्या पुस्तकात हेच मांडले आहे. रस्त्यावर असण्यासाठी बाईला कारण दाखवावे लागते: हातात पिशवी, कडेवर मूल, कानाला फोन. पार्सल हे असेच कारण आहे. ते हातात असले की बाई घरच्यांसाठी आली आहे, हे सगळ्यांना दिसते.

नंतर गप्पांत कळले की सहाजणींच्या घरी महिन्यातून एक-दोनदा चायनीज येतेच. आणायला नवरा किंवा मुलगा जातो. बाई ते ताटल्यांत वाढते, शेजवान पुरले का बघते, आणि उरले तर खाते. म्हणजे गॅस पेटवायचा वाचला, पण शेवटी जेवायचे काही सुटले नाही.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. या गटातल्या एकीच्या घरी, ती बौद्ध आहे, बैठक असली की दोघीतिघींचा हमखास उपवास निघतो. चहासुद्धा चालत नाही असला उपवास. गाड्यावर मात्र त्याच दोघी तिच्या प्लेटमधून मोमो उचलत होत्या, आणि गाडेवाल्याची जात कोणी विचारली नाही. गंगाराम कांबळे यांच्या सत्यसुधारक हॉटेलात शाहू महाराज लवाजम्यासह जाऊन सर्वांदेखत चहा प्यायले, ते याच कोल्हापुरात. घरच्या स्वयंपाकघरात पाळली जाणारी जात रस्त्यावर पातळ होते, हे महाराजांना पक्के ठाऊक असणार. ती रस्त्यावरून परत उंबऱ्याच्या आत कशी न्यायची नाही, हे काम मात्र आपल्या गटांचे आहे, आणि ते झालेले नाही.

त्याच वेळी एकीने मोमो मधोमध फोडून बघितला आणि म्हणाली, "ही तर दिंडं की गं!" सगळ्या हसल्या, पण तिचे बरोबर होते. नागपंचमीला तवा ठेवायचा नाही, चिरायचे-तळायचे नाही, म्हणून आपण कणकेच्या पुरीत पुरण घालून घडी करतो आणि चाळणीत वाफवतो. पारी पातळ हवी पण फुटता कामा नये, वाफ किती द्यायची, घडी कुठे दाबायची, हे आईकडून मुलीकडे आलेले ज्ञान आहे. मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या बायकांना मोमोच्या चुण्या शिकायला एक दुपार पुरेल. तरी दिंडांना मोल नाही, ती 'केली पाहिजेत' या सदरात जातात; आणि सहा मोमोंचे आम्ही ६० रुपये मोजले.

बाईच्या हातचे अन्न विकले जाऊ शकते, हे आपल्याला नवे नाही. १९५९ साली गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी मुंबईतल्या खाणावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. पण पापड घरी लाटले जातात आणि खाणावळही घरातच चालते. रस्त्यावरच्या चुलीची गोष्ट वेगळी आहे. आठवडी बाजारात बघा: बायका आहेतच, भाजी घेऊन जमिनीवर गोणपाट टाकून बसलेल्या, उन्हात. गाड्यामागे उभे असतात ते बहुतेक पुरुष. गाडा, सिलिंडर, भट्टी यांना भांडवल लागते, आणि चायनीजचा धंदा संध्याकाळी ७ ते रात्री ११ चा. नेमकी तीच वेळ बाईने घरच्या चुलीपुढे असण्याची. त्यात जवळपास स्वच्छतागृह नाही. चार तास उभी राहणार कशी? पाणीच कमी पिऊन.

आमच्या केंद्रात येणारी एक बाई नऊ वर्षे नवऱ्याच्या गाड्याचे काम करत होती. दुपारभर कोबी चिरायचा, पारी लाटायची, २०० मोमो भरून द्यायचे. संध्याकाळी तो गाड्यावर उभा राहायचा, ती घरी भांडी घासायची. त्याने दुसरा संसार मांडला, तेव्हा गाडा, जागा आणि कागद तिकडे गेले. आता ती एका कोपऱ्यात टेबल टाकून मोमो विकते, बिनकागदाची. कोणीही येऊन उठवतो.

कायदा याबाबत काय म्हणतो, ते गटांनी नीट वाचावे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात प्रमाणपत्र देताना स्त्रियांना प्राधान्य आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत. हे चांगले आहे. पण धंदा विक्रेत्याने स्वतः करावा किंवा कुटुंबीयांमार्फत, असे त्यात आहे. म्हणजे बायकोचे श्रम कायद्याने 'कुटुंबीय' या शब्दात गुंडाळले. प्रमाणपत्रधारक वारला, कायमचा अपंग झाला किंवा आजारी पडला, तर प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत पत्नी त्याच्या जागी धंदा करू शकते. त्याने टाकून दिले तर काय, याचे उत्तर तिथे नाही. विधवेचा विचार झाला, परित्यक्तेचा राहिला. आपल्याला हे चित्र रेशनकार्डापासून माहीत आहे.

आमचे म्हणणे असे की दर पाच वर्षांनी होणाऱ्या पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणात घरात बसून माल करणाऱ्या बाईचेही नाव नोंदवावे, आणि प्रमाणपत्र दोघांच्या नावे मागावे. कायदा आपोआप चालत नाही. मुंबईत विक्रेत्यांच्या प्रतिनिधींची निवडणूक व्हायला २०२४ साल उजाडले, म्हणजे कायद्यानंतर दहा वर्षे. लहान नगरपरिषदांत समितीवरच्या स्त्रियांच्या जागा कागदावर आहेत की प्रत्यक्षात, हे मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारायला एकही पैसा पडत नाही.

मैदा, अजिनोमोटो, रंग यांबद्दल पत्रे येतील, हे धरून चालले आहे. तक्रार खरी आहे, रोज खाऊ नये. पण खाण्याचे बोट बाईकडे कसे वळते, तेही बघा: २०१२ च्या ऑक्टोबरात हरियाणातल्या जिंद जिल्ह्यातल्या एका खाप पुढाऱ्याने बलात्कारांचे खापर थेट चाऊमीनवर फोडले होते.

पुढच्या अंकासाठी आम्हाला गाडा चालवणाऱ्या आणि गाड्यासाठी घरात माल करणाऱ्या बायकांचे अनुभव हवे आहेत. कागद कोणाच्या नावे आहे, जागा कोणी ठरवली, रात्री घरी कशा परतता, स्वच्छतागृह किती लांब आहे, हे जरूर लिहा. नाव छापायचे नसेल तर तसे कळवा. लिहिता येत नसेल तर गटातल्या कोणीतरी तुमच्या शब्दांत उतरवून घ्यावे. भाषा आम्ही सुधारणार नाही.