नवशिक्याच्या वेषातील वस्ताद

कुस्तीच्या फडात जोड लावताना जाणती मंडळी मल्लांचे वय, वजन आणि तयारी पाहतात. तोलामोलाची जोड असली तरच कुस्तीला रंग भरतो आणि हरणाऱ्यालाही काही शिकावयास मिळते. ऑनलाइन खेळांत जोड लावण्याचे हे काम संगणक करतो. त्यामागील विचार मूळचा बुद्धिबळातला. अर्पाद एलो यांची मानांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० साली स्वीकारली. २०२५ साली विश्वचषकासाठी गोव्यात आलेल्या खेळाडूंची ताकदही त्याच पद्धतीने मोजली जात होती. जिंकल्यास आकडा चढतो, हरल्यास उतरतो, आणि त्यावरून प्रतिस्पर्धी ठरतो.

मुरलेला खेळाडू नवे खाते उघडून किंवा मुद्दाम हरून खालच्या पायरीवर उतरतो, तेव्हा ही सारी व्यवस्थाच खोटी पडते. या प्रकाराला ‘स्मर्फिंग’ असे गोंडस नाव आहे. प्रकार मात्र गोंडस नव्हे. ‘डोटा २’ या खेळाने मानांकित सामन्यांसाठी २०१७ साली फोन क्रमांकाची अट घातली. तरीही सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या चालकांना अशी ९०,००० खाती कायमची बंद करावी लागली. नुसत्या अटींनी हे दुखणे बरे होत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

वरच्या पायरीवर सामना लवकर मिळत नाही, कच्च्या मित्रांबरोबर खेळता येत नाही, असे या मंडळींचे म्हणणे असते. ही अडचण आम्ही नाकारीत नाही. परंतु तिच्यावर उघड उपाय आहेत. मानांकनाबाहेरचे सामने आहेत. आणि बुद्धिबळात तर एखादे मोहरे कमी घेऊन दुबळ्याशी खेळण्याची रीत फार जुनी आहे. तेथे श्रेष्ठत्व लपविले जात नाही. ते मान्य करूनच पट मांडला जातो. वस्तादाने पोराला चीत केले तर पोराला वाईट वाटत नाही, कारण समोर कोण आहे हे त्याला ठाऊक असते. वेषांतर केलेल्या वस्तादाकडून हरणारा मात्र आपल्याच बरोबरीच्याने आपल्याला लोळविले असे समजतो, आपल्यात काही गुण नाही असे ठरवितो आणि खेळ सोडून जातो. आमच्या मते खरा अन्याय हाच आहे.

चालकांनी खोटी खाती शोधावीत, मूळ खात्यालाही शासन करावे. पण नवशिकेच उरले नाहीत तर वरच्या पायरीवर उद्या खेळावयाचे कोणाशी, याचा विचार या वस्तादांनीच केलेला बरा.