देवाच्या मनात असेल ते...

मंडळी, आज थोडं गंभीर लिहिते आहे.

आमच्या मालवण किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांत दुःखाच्या वेळी एक वाक्य हमखास ऐकू येतं. "देवाची काहीतरी योजना असेल." मालवणीत म्हणायचं तर, "देवाच्या मनात आसात ता होतला." मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, तेव्हा तर ते घरोघर ऐकलं. होड्या फुटल्या, आंबा-काजू आडवे झाले, कौलं उडाली, आणि वर करोना. कुणाच्या घरात माणूस गेलेलं, कुणाची मुंबईतली नोकरी सुटलेली.

या वाक्यावर माझी श्रद्धा आहे. पण माझं स्पष्ट मत असं की, ते स्वतःपुरतं म्हणावं. दुसऱ्याच्या जखमेवर ते औषध म्हणून लावू नये.

पंडिता रमाबाईंचंच बघा. ऐन तारुण्यात दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. पुढे भाऊ गेला. १८८२ मध्ये पती पटकीने गेले, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा ही बाई "देवाची योजना" म्हणून घरी बसली नाही. स्वतः तिथे गेली आणि शेकडो निराधार मुली-बायकांना घेऊन आली. इतक्या जणींना पोसायचं कशावर, हे काही आधी ठरलेलं नव्हतं. केडगावला एकीकडे प्रार्थना चालू, दुसरीकडे विहिरी खणणं चालू. शेती, विणकाम, छापखाना... मुलींना हाताला काम दिलं. देव पाणी देईल हा भरवसा होता, म्हणून तर खणायचं!

१९२१ मध्ये मनोरमाही गेली. त्यानंतर आठ-नऊ महिन्यांतच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्याचं काम त्यांनी इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. ते संपूर्ण बायबल छापून निघालं १९२४ साली. त्यांनी ते पाहिलं नाही. भरवसा म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मी हे उदाहरण देईन.

बायबलातला ईयोबही आठवतो. मुलं गेली, संपत्ती गेली, अंगभर फोड आले. मित्र भेटायला आले आणि सात दिवस नुसते शेजारी बसून राहिले. तोवर ठीक होतं. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि हे दुःख तुला का आलं ते समजावू लागले! शेवटी देव रागावला तो या समजावणाऱ्यांवर. देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे.

आपल्या कोकणात गाऱ्हाणं घालायची रीत आहे. देवासमोर उभं राहून, काय हवं नको ते हक्काने सांगायचं. स्तोत्रसंहितेत तरी दुसरं काय आहे? कितीतरी गाऱ्हाणीच आहेत. परक्याकडे कुणी गाऱ्हाणं घालतं का? आपल्या माणसाकडेच घालतो. म्हणून रडणारा, चिडणारा माणूस श्रद्धेत कमी पडला असं मला कधीच वाटत नाही.

आमच्या नात्यातली बरीच मुलं आखातात, मुंबईत, गोव्यात आहेत. कधी काय होईल, सांगता येत नाही. त्यांना आणि इथे लिहिणाऱ्या स्नेह्यांनाही एवढंच सांगेन. कुणावर प्रसंग आला तर योजना समजावत बसू नका. जेवणाचा डबा घेऊन जा, कागदपत्रांच्या कामात सोबत जा, शेजारी गप्प बसा. देवाची योजना काय ते त्याला ठाऊक. आपल्या वाट्याचं काम मात्र बहुतेक वेळा समोरच दिसत असतं.

तुमचा अनुभव काय? जरूर कळवा.